विजयपुरीची बाजारपेठ आणि कोल्हापूरचे प्राध्यापक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच प्राकृत भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राकृतातील जे ग्रंथ आज छापील स्वरूपात अभ्यासकाच्या हाती येतात, त्यांपैकी कित्येक ग्रंथ महाविद्यालयांत नित्य तास घेणाऱ्या प्राध्यापकांनी सिद्ध केलेले आहेत. अमरावतीस डॉ. हिरालाल जैन, सांगली व पुणे येथे डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य आणि कोल्हापुरात डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे या परंपरेतील अग्रणी होत. त्यांपैकी डॉ. उपाध्ये यांच्या एका ग्रंथाचा परिचय व्यापारी कुटुंबांनी तरी अवश्य करून घ्यावा, असा आहे.

बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या गावी ६ फेब्रुवारी १९०६ रोजी उपाध्ये यांचा जन्म झाला. १९३० साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. नोकरीस पाच वर्षे होतात न होतात तोच, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आत, आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’ची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची विस्तृत इंग्रजी प्रस्तावना आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. १९३७ साली ‘परमात्मप्रकाश’ आला. १९३९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली.

ग्रंथसंपादन म्हणजे जुनी पोथी उतरवून छापखान्यात धाडणे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक पोथी लेखनिकाच्या डोळ्यांतून व हातातून गेलेली असते. जैन पोथ्यांच्या नागरी वळणात ‘च’ व ‘व’ यांची गल्लत होते, ‘त्थ’ व ‘च्छ’ एकमेकांसारखे दिसतात. एका अक्षराने अर्थ पालटतो. म्हणून मिळतील तितक्या पोथ्या समोर ठेवून, ओळीमागून ओळ ताडून, स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ तळटीपेत द्यावे लागतात. रोजमेळ आणि खातेवही यांचा ताळा घालणाऱ्यांस या कष्टांची कल्पना सहज येईल.

‘कुवलयमाला’ या ग्रंथाच्या बाबतीत हे काम अधिकच बिकट होते. उद्द्योतनसूरींनी ही प्राकृत कथा राजस्थानातील जालोर येथे, शके ७०० संपण्यास अवघा एक दिवस उरला असता, म्हणजे इ. स. ७७९ च्या मार्चमध्ये पूर्ण केली. संपादनासाठी पोथ्या दोनच होत्या: एक पुण्याच्या भांडारकर संस्थेतील कागदी प्रत, दुसरी जेसलमेरची ताडपत्री. त्या दोघींतील पाठभेद इतके की, केवळ लेखनिकाच्या चुकांनी त्यांचा उलगडा होत नाही. शिवाय मूळ ग्रंथात प्राकृताच्या जोडीला अपभ्रंश आणि पैशाचीतील भागही आहेत. त्यातील काही उतारे विद्वानांना पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु संपूर्ण संहिता १९५९ साली उपाध्ये यांच्या संपादनाने सिंघी जैन ग्रंथमालेत प्रथम उपलब्ध झाली. प्रस्तावना व टिपांचा दुसरा भाग निघावयास १९७० साल उजाडले. मधली अकरा वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्याने तो दुसरा भाग एकदा उघडून पाहावा.

या कथेचा नायक कुवलयचंद्र दक्षिणेतील विजयपुरीच्या बाजारपेठेतून चालला असता देशोदेशीचे व्यापारी त्याच्या दृष्टीस पडतात. त्या प्रत्येकाची अंगकाठी, स्वभाव आणि तोंडी सतत येणारे शब्द सूरींनी टिपले आहेत. गुर्जर व्यापारी तूपलोण्याने पुष्ट, धर्मपरायण आणि तह व कलह या दोहोंत निपुण. लाट देशाचा व्यापारी न्हालेला, उटी लावलेला, केसांचा भांग पाडलेला. मरुदेशीयाचे वर्णन मात्र फारसे गौरवाचे नाही; तो जड बुद्धीचा व बहुभोजी ठरला आहे. जालोर हे स्वतः मारवाडातच, तेव्हा सूरींनी घरच्यांनाही सवलत दिली नाही असे दिसते! मराठी व्यापारी दणकट, ठेंगणा, सावळा, सोशिक, पण अभिमानी आणि भांडखोर. त्याच्या तोंडी देण्याचे व घेण्याचे जे दोन शब्द घातले आहेत, त्यांत आजच्या ‘दिले’, ‘घेतले’ मधला ‘ल’ स्पष्ट ऐकू येतो. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी माणूस पेढीवर कसा बोलत असे, याचा हा मोलाचा पुरावा आहे, आणि तो एका जैन मुनींनी नोंदवून ठेवला आहे.

अशा कामास धन देणारे हात व्यापाऱ्यांचे होते. सिंघी ग्रंथमाला कलकत्त्याचे बहादुरसिंहजी सिंघी यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ चालविली. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांना एकत्र बोलावून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापिला, त्यास तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सर्व मालमत्ताही अर्पण केली. त्यांच्याच नावाच्या ग्रंथमालेत उपाध्ये व हिरालाल जैन यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ दोन भागांत, १९४३ व १९५१ साली, संपादित केली. देणगीदाराने धर्मशाळेऐवजी पाठभेदांच्या तळटीपांवर पैसा घालावा, हे त्या काळीही नित्याचे नव्हते.

१९६६ साली अलीगढ येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे आणि पुढल्याच वर्षी श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद उपाध्ये यांच्याकडे आले. अखेरच्या वर्षांत ते म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत या विषयांचे प्राध्यापक होते. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. विजयपुरीचा तो बाजार ‘कुवलयमाले’च्या पहिल्या भागात १५२ व १५३ या पृष्ठांवर भरलेला आहे.