जुना ड्रायव्हर कुणाच्या भरवशावर ठेवायचा?

आयबीएमच्या एक्ससिरीज सर्व्हरमध्ये एक वेगळं व्यवस्थापन कार्ड असे. मुख्य प्रोसेसर बंद पडला तरी ते यंत्रावर नजर ठेवी. त्याच्याशी बोलण्यासाठी आयबीएमने 2004 च्या सुमारास लिनक्स कर्नलला, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला, 'आयबीएमएएसएम' हा ड्रायव्हर दिला. 2014 मध्ये कंपनीने हा सर्व्हर-व्यवसायच लेनोव्होला विकला. असे ड्रायव्हर कर्नलमध्ये सांभाळत राहावेत का? माझं उत्तर स्पष्ट आहे : ते हार्डवेअर हाताशी असलेला माणूस जबाबदारी घेत असेल तर राहावेत, नाहीतर काढावेत.

पहिला आक्षेप सातारा-सांगलीकरांना पटण्याजोगा आहे. हा 1910 साली कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीचा मुलूख. चालतं यंत्र इथे कुणी भंगारात घालत नाही. एखाद्या पतसंस्थेत जुना सर्व्हर चालू असेल, तर त्याला वाऱ्यावर का सोडायचं? भावना रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. दुरुस्ती करणारा यंत्र चालवून पाहतो. कर्नलची अंतर्गत रचना सतत बदलते आणि प्रत्येक बदल जुन्या ड्रायव्हरमध्येही उतरवावा लागतो. कार्ड नसलेल्या प्रोग्रॅमरला कोड कंपाइल होतो एवढंच कळतं. तो न तपासलेला बदल पहिल्यांदा चालतो तो त्या पतसंस्थेच्याच सर्व्हरवर, आणि तोही कर्नलच्या पूर्ण अधिकारांनिशी. ज्याच्या नावाने ड्रायव्हर राखायचा, त्यालाच धोक्यात घालायचं, हे रक्षण नव्हे. आयबीएमएएसएमच्या माहितीतच इशारा होता की तो तुमच्या सर्व्हरवर नीट चालेल याची खात्री नाही.

दुसरा आक्षेप : पडून राहिलेला कोड कुणाचं काय खातो? कार्ड नसेल तर हा ड्रायव्हर लोड होत नाही, हे मान्य. पण दुर्लक्षित कोड नेहमीच इतका निरुपद्रवी नसतो. क्यूएमू या आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 2004 पासून असलेली 'व्हेनम' ही त्रुटी 2015 मध्ये उघड झाली. फ्लॉपी न वापरणाऱ्यांनाही तिचा धोका होता.

तिसरा आक्षेप : काढलं की कायमचं गेलं. असं होत नाही. कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या इतिहासात राहतो आणि परत आणता येतो. शिवाय जबाबदारी घेणारा मिळाला, तर काढण्याची वेळही येत नाही. 2019 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फ्लॉपीचा ड्रायव्हर अनाथ ठरवला. पुढे डेनिस एफ्रेमोव्ह यांनी तो हाती घेतला आणि तो टिकला. उलट ज्या 386 प्रोसेसरवर टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स घडवलं, त्याचाच आधार 2013 च्या 3.8 आवृत्तीत काढला गेला. जन्मदात्या यंत्रालाही जिथे सूट मिळाली नाही, तिथे व्यवस्थापन कार्डासाठी ती मागण्याचं कारण नाही.

मात्र काढण्याचीही रीत हवी. आधी जाहीर विचारणा व्हावी, उत्तरासाठी वेळ द्यावा, आणि तो ड्रायव्हर असलेली, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी शेवटची कर्नल आवृत्ती जुन्या यंत्रांसाठी उरावी. उदाहरणार्थ, 2020 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 5.10 या आवृत्तीला सहा वर्षांच्या दुरुस्त्या ठरल्या. स्थलांतराला एवढा अवधी पुरेसा आहे.

वापरकर्त्यांनीही गप्प राहू नये. कारखान्यात, बँकेत जुना सर्व्हर सांभाळणाऱ्याने कोणते ड्रायव्हर लोड झालेत ते पाहावं आणि गरज असेल तर कर्नलच्या विकसकांना कळवावं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी असं यंत्र मिळवून चाचणीची जबाबदारी घेतली, तर ड्रायव्हर राखण्याच्या बाजूने मी स्वतः उभा राहीन. ड्रायव्हर टिकवायचा असेल, तर तो तपासणारा माणूस पुढे यायला हवा.