दोर आपण मोजतो, तळ कोण मोजणार?



आज भाताचं नाही, खाडीचं लिहितोय. आमच्या गटाचा शिनाण्यांचा तराफा आहे. डिसेंबरात दोरावर बी बांधायचं, पावसाआधी माल काढायचा. पहिल्या वर्षी माल बरा आला आणि हाव सुटली. दुसऱ्या वर्षी त्याच तराफ्यावर दीडपट दोर लावले. शिंपले बारीक राहिले. ओहोटीला तराफ्याखाली बांबू खुपसला, तर वर काळा चिखल आला आणि कुजक्या अंड्याचा वास. पाणी तुंबलेल्या खाचरात येतो ना, तोच.

म्हणून "शिंपल्यांना खाद्य नको, खत नको, म्हणजे समुद्राला त्रास नाही" असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. अर्धं खरं आहे. शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म प्लवक खातात. माल काढला की पाण्यातलं थोडं नत्रही बाहेर येतं. पण त्यांची विष्ठा खाली पडते. ती कुजताना तळाचा ऑक्सिजन खर्च होतो. प्रवाह मंद असेल तर तळातले जीव गुदमरतात.

मग हीच शेती उघड्या समुद्रात नेली तर? इंग्लंडच्या दक्षिणेला लाईम बे आहे. तिथे किनाऱ्यापासून ३ ते ६ मैलांवर लांब दोरांवर शिंपले वाढवतात. २०१३ पासून प्लिमथ विद्यापीठाचे लोक तिथला तळ तपासतायत. वाहत्या पाण्यात विष्ठा एका जागी साचून राहत नाही. दोरांवरून गळलेले शिंपले तळावर गठ्ठ्यांनी साचले, त्यांच्या आडोशाला खेकडे, शेवंड आले. दोर असल्यामुळे तळ खरवडणारी जाळी तिथे ओढता येत नाहीत, हाही फायदा.

पण एक गोष्ट विसरू नका. तो तळ आधीच जाळ्यांनी ओरबाडलेला होता. पडीक रानात झाड लावलं तर पाखरं येणारच. तेच दोर चांगल्या जिवंत प्रवाळावर टाकले, तर गळणारे शिंपले त्यालाच गाडतील. शिवाय मासे जमले म्हणजे मासे वाढले असं नाही. आजूबाजूचेच तिथे गोळा झाले असतील. आणि खोल पाण्यातही दाटी ती दाटीच. फ्रान्सच्या मारेन-ओलेरों भागात कालवं वाढवत नेली, तशी प्रत्येक कालवाची वाढ मंदावली. प्लवक तेवढंच, खाणारी तोंडं जास्त.

माझं मत सरळ आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शिंपले शेतीला मदत ठेवली गेली, अशी मदत मिळावीच. पण दोर टाकायच्या आधी तळाचा नमुना घ्या, प्रवाह मोजा. नंतर दरवर्षी दोन नमुने: एक दोरांखालचा, एक लांबचा. शेतात कंट्रोल प्लॉट ठेवतो, तसंच. कृषी शास्त्रज्ञ मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही यंदा दोर पहिल्या वर्षाइतकेच लावतोय, तराफाही थोडा वाहत्या पाण्यात सरकवलाय. माल कमी येईल म्हणून गटात कुरकुर आहे. पण तळ मेला तर पुढच्या वर्षी बांधायचं कशावर?

तुमच्या खाडीत तराफा असेल तर एकदा खाली बांबू घालून बघा. चिखल कोणत्या रंगाचा आला ते कळवा.