मुखवट्यांची आफ्रिका आणि हल्याळची कवंदी

गेल्या वर्षी एका शाळेच्या 'जागतिक संस्कृती सप्ताहा'ला जाण्याचा योग आला. सोमवारी जपान, मंगळवारी मेक्सिको असे करीत गुरुवारी आफ्रिकेची पाळी आली होती. मुलांनी कागदी थाळ्यांना कोंबड्याची पिसे चिकटवून मुखवटे केले होते आणि ते चढवून ती वर्गभर 'झिंगालाला' करीत उड्या मारीत होती. पालक कौतुकाने फोटो काढीत होते. 54 देशांचे एक अख्खे खंड एका तासात बसवलेले पाहून मला आधी हसूच आले. घरी येईपर्यंत मात्र ते टिकले नाही. आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज आपल्या खानापूरच्या पलीकडेच राहतात, हे त्या वर्गात कोणीही बोलले नव्हते. त्याचा दोष बाईंना तरी का द्यावा? पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

खानापूरला लागून हल्याळ तालुका आहे. तेथे आणि यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यांतले अनेक निसटून सह्याद्रीच्या जंगलात शिरले. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरात कोकणी वळणाची बोली, बाजारात कन्नड, आणि आपल्याशी बोलताना मराठीही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 साली. शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नेमले गेले, तेव्हा त्या सभागृहात पहिला सिद्दी आमदार दिसला.

या समाजातील बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात. हल्याळला मावशीच्या शेजारी मी ती प्रथम पाहिली. आपली गोधडीच म्हणा ना! तिलाच आपल्याकडे वाकळ म्हणतात, आणि कन्नड विभागातील आमचे मित्र कौदी. पण हात वेगळा आहे. कवंदी कडेपासून सुरू होते आणि धावदोरा घालीत फिरत फिरत मध्यावर येते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी ठिगळे बसवतात. त्यांना 'फुले' म्हणतात. फुले नसलेली कवंदी त्या बायकांच्या लेखी उघडी, नागडी. ती तशी कोणाला देत नाहीत.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघांनी गल्लीतील मुलांना मुखवटे न देता सुई दिली. एकच वस्तू, आठ दिवस. पहिले दोन दिवस बोटे टोचून घेण्यातच गेले. मुलगे 'हे बायकांचे काम' म्हणून रुसले. मग एकाचा टाका मुलींपेक्षा सरळ आला आणि तो वाद तेथेच मिटला! हातरुमालाएवढी गोधडी व्हायला इतका वेळ लागतो, तर पांघरायला पुरेल अशी शिवायला किती, हा हिशेब मुलांनी आपणहून मांडला. सिद्दींविषयी मी दिलेल्या छोट्या व्याख्यानाने जे झाले नाही, ते त्या हिशेबाने झाले असे मला वाटते. त्या बायकांविषयी बोलताना मुलांचा सूर बदलला. 'ते लोक'ऐवजी 'त्या आजी' आले.

एका मुलाने विचारले, "ताई, हे आफ्रिकेचे की आपले?" मी गडबडले. चिंध्या इथल्या, धावदोरा इथला, माणसे चारपाचशे वर्षांपासून इथली. त्यांचे आहे, एवढेच मी म्हटले. त्याचे समाधान झाले नसावे. माझेही झाले नाही.

आमचे एक प्राध्यापक म्हणाले की असे आठ दिवस घालवले तर जगाचा नकाशा कधी पुरा व्हायचा? चित्रफीत दाखवा, दहा मिनिटांत जपान होतो. जपान 'होतो' खरा, पण मुलाच्या हाती काय उरते? थाळीचा मुखवटा शुक्रवारी केरात गेला होता. सात दिवसांत सात देश करण्यापेक्षा वर्षात एकच वस्तू करावी आणि ती तेथे कोणाच्या, कशाच्या उपयोगाची होती हे विचारल्याशिवाय कात्रीला हात लावू नये, असे माझे मत आहे. आणि दूरच्या देशाआधी खानापूरपलीकडचा तालुका का नको? ज्या अंकात मी हे लिहीत आहे, त्याची कन्नड पाने आपल्यापैकी किती मराठी वाचक उलटून तरी पाहतात?

त्या शाळेला मी पत्र लिहिले आहे; उत्तर यायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतला वर्ग पुन्हा भरेल. या खेपेस हल्याळच्या एका आजींनी येण्याचे कबूल केले आहे, म्हणजे माझी अर्धीकच्ची शिकवणी आटोपती घेता येईल. त्यांचा निरोप एवढाच आहे की कापड सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेले हवे. नव्या कापडात सुई अडते. ज्यांच्या घरी जुनी लुगडी, धोतरे, सदरे पडून असतील, त्यांनी ती मराठी विभागात आणून द्यावीत. कन्नड विभागातूनही चालतील.