आमचं स्वयंपाकघर : खिमा आतून शिजला का?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत होते. अंगणात जाळीवर मटणखिम्याचे बर्गर भाजणं चाललं होतं. जावईबापू नातवाच्या ताटलीत वाढणार, तोच लेक म्हणाली, "थांबा, आधी मोजते." तिने थर्मामीटर बाजूने पार मध्यापर्यंत खुपसला. १४८ अंश! बर्गर परत जाळीवर गेला.

मी म्हटलं, "अगं, छान तपकिरी झालाय की!"

"आई, रंगावर जायचं नाही."

तिने सांगितलेलं कारण मला पटलं. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूलाच असतात. चांगलं भाजलं की मरतात. खिमा करताना मात्र वरचं सगळं आत मिसळतं. म्हणून मध्यभाग १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायलाच हवा. कधीकधी त्याआधीच रंग बदलतो आणि आपण फसतो.

१९९३ साली तिथे बीफच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलायची साथ पसरली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. या जंतूमुळे लहानांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आपल्या हैदराबादेत खिम्याचा रस्सा चांगला रटरटतो, त्याची चिंता नाही. जपायचं ते कच्च्या खिम्याच्या जाड टिक्क्या आणि सीख कबाब यांना. कच्चा खिमा ठेवलेल्या ताटलीत शिजलेलं काढू नका.

आल्यावर मीही थर्मामीटर घेतला. नातवंडांना वाढायचं, तर अंदाजाने कशाला?