दिवाणजीच्या हाती तिजोरीची किल्ली कशाला?

सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी निघाला की न्हावाशेवाच्या बंदरात जहाजावर चढतो. २७ जून २०१७ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या रमजान ईदच्या दुसऱ्याच दिवशी, त्या बंदरातील एक मोठे टर्मिनल एकाएकी थंड पडले. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती, कंटेनरही जागच्या जागी होते. पण कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कुठे रचला आहे, हे सांगणारे संगणक बंद पडले होते. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीच्या हाती होते आणि त्या दिवशी कंपनीचे जगभरातील १७ टर्मिनल अशाच अवस्थेत होते. कंपनीला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. दहा दिवसांत तिला ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

ही जुनी हकिकत आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की तिची सुरुवात बंदरात झालीच नाही. ती झाली युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्राममध्ये. तेथील व्यापारी करविवरण भरण्यासाठी जो प्रोग्राम वापरीत, त्याच्या नव्या आवृत्तीतूनच चोरांनी विष पाठविले. मेर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एका संगणकावर तो प्रोग्राम होता आणि तेवढा एक संगणक पुरला. आपल्याकडे जीएसटीसाठी प्रोग्राम ठेवावा, तसाच तो होता. कोणी वाईट धंदा करीत नव्हते की नको त्या जागी बोट लावले नव्हते.

एका यंत्रातून ते विष हजारो यंत्रांत कसे गेले? एक वाट होती विंडोजमधील एका भोकाची. ते बुजविण्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती बसविली नव्हती. दुसरी वाट आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. ज्या यंत्रावर कोणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करीत असे, त्या यंत्राच्या स्मृतीतून हे विष त्याचा परवलीचा शब्द उचलत असे आणि त्याच्याच नावाने शेजारच्या यंत्रात शिरत असे. कुलूप फोडण्याची गरजच नव्हती, कारण किल्ली दाराला लटकलेली होती.

आता आपल्या पेढीकडे वळू. विजापूर वेस, बेगम पेठ, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, कुठेही जा. चादर, टॉवेल, युनिफॉर्मचा धंदा करणाऱ्यांच्या कचेरीत एक-दोन संगणक दिसतातच. आमच्या परिचयातील एका पेढीवर आम्ही सहज विचारले, ‘यात किती खाती आहेत?’ दिवाणजींनी लगेच खतावणीच उघडली! आम्ही म्हणालो, उधारीचे खाते नव्हे, संगणक सुरू करताना ज्या नावाने आत जाता ते खाते. ते एकच होते. मालक त्यातच बसतात, दिवाणजी त्यातच बिले करतात, संध्याकाळी मालकांचे चिरंजीव त्यातच सिनेमे उतरवितात, आणि पाहुण्याला विमानाचे तिकीट छापून द्यायचे तर तेही त्यातच. परवलीचा शब्द दुकानाच्या गाळ्याचा नंबर. खाते अर्थातच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे.

यात त्या मंडळींचा दोष थोडा आहे. विंडोजचा नवा संगणक सुरू करताना जे पहिले खाते तयार होते, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचेच असते, आणि बहुतेक ठिकाणी पहिले तेच शेवटचे राहते. शिवाय जुने काही प्रोग्राम या अधिकाराशिवाय चालतच नसत. म्हणून दुरुस्तीवाल्याने सर्वांना सर्वाधिकार देऊन टाकावेत आणि पुन्हा फोन येणार नाही याची सोय पाहावी, असा रिवाजच पडला. २००१ साली आलेल्या एक्सपीच्या काळात ही सवय जडली ती अजून सुटलेली नाही.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे त्या यंत्राचा मालक. तो कोणताही प्रोग्राम बसवू शकतो, व्हायरस रोखणारा पहारेकरी बंद करू शकतो, दुसऱ्यांच्या फायली उघडू शकतो, विंडोजने जपलेल्या मागच्या प्रती पुसू शकतो. संगणक माणूस ओळखत नाही, खाते ओळखतो. बिलाच्या नावाने आलेली खोटी फाइल दिवाणजींनी उघडली, तर त्या फाइलीला दिवाणजी बसले आहेत त्या खात्याएवढाच अधिकार मिळतो. ते मालकाच्या खात्यात बसले असतील तर चोरालाही मालकी मिळाली. साध्या खात्यात बसले असतील तर चोर गल्ल्यापर्यंत पोचेल, पण पहारेकऱ्याला घरी पाठविणे त्याला सहजी जमणार नाही.

कोणी म्हणेल, संगणक विचारतो की! २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून पडदा अंधारून प्रश्न येतो, या प्रोग्रामला यंत्रात बदल करू द्यायचे काय? खरे आहे. पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात त्याचे उत्तर नुसते ‘होय’ असते. गिऱ्हाईक समोर उभे आहे, फोन वाजतो आहे, अशा वेळी ‘होय’ किती विचार करून दाबले जाते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. साध्या खात्यात तोच प्रश्न अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा परवलीचा शब्द मागतो. तो शब्द फक्त मालकाला ठाऊक असेल तर निदान मालकाला हाक मारावी लागते, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतो, हे काय बसवतो आहेस बाबा?

फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या प्रोग्रामबद्दल येथेच सांगितले पाहिजे. पैसे वाचविण्यासाठी तो बसविताना दोन सूचना हमखास असतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि व्हायरसचा पहारेकरी थोडा वेळ बंद ठेवा. अनोळखी माणसाने दुकानात येऊन म्हणावे की किल्ली द्या आणि गुरख्याला चहाला पाठवा, तर आपण त्याला पायरीवरूनच परत पाठवू.

काही व्यापारी बंधू आम्हाला म्हणाले, ‘आमची माणसे वीस वर्षांची आहेत, त्यांना साधे खाते देणे म्हणजे अविश्वास दाखविणे.’ ही समजूत आम्हाला मुळातच चुकीची वाटते. आमचे म्हणणे मालकालाही लागू आहे. रोजची पत्रे, बिले, बँकेचे काम मालकानेही साध्या खात्यातूनच करावे. चुकून बोट पडणे हे इमानाशी संबंधित नाही. मेर्स्कच्या ओडेसातील माणसाने कसलीच बेइमानी केली नव्हती.

आणखी एक चूक सर्रास दिसते. कचेरीत तीन यंत्रे असतील तर तिन्हींवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा परवलीचा शब्द एकच. एक फुटला की तिन्ही गेली. प्रत्येक यंत्राला वेगळा शब्द द्या.

एवढ्याने सारे संकट टळेल असे आम्ही म्हणत नाही. साध्या खात्यात बसलेल्याच्या स्वतःच्या फायली, म्हणजे बिले आणि हिशेबसुद्धा, खंडणीखोर व्हायरस कुलूपबंद करू शकतो, कारण त्या फायली बदलण्याचा अधिकार त्या खात्याला असतोच. त्यासाठी रोजच्या हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवणे हाच इलाज. मेर्स्कची गोष्ट येथेही कामाची आहे. तिच्या सर्व संगणकांची ओळख सांभाळणारी सुमारे दीडशे मुख्य यंत्रे जगभर होती, ती सारी एकमेकांना जोडलेली, म्हणून सारी बरबाद झाली. वाचले फक्त घाना देशातील एक, कारण हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती! भारनियमनाला शिव्या देत आयुष्य काढलेल्या आम्हा सोलापूरकरांना ही गोष्ट ऐकून गंमत वाटली.

आता करायचे काय ते. बदल तासाभराचा आहे. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते त्या वेळी होऊ शकतो. क्रम मात्र चुकवू नका. प्रथम सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर जाऊन एक नवे खाते उघडा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार द्या, चांगला लांब परवलीचा शब्द ठेवा. त्या नव्या खात्यातून एकदा आत जाऊन ते चालते याची खात्री करा. मग तेथूनच आपले रोजचे जुने खाते साध्या दर्जावर, ज्याला विंडोज स्टँडर्ड म्हणते, उतरवा. जुन्या खात्यातील फायली, टॅलीचा हिशेब, पडद्यावरील मांडणी आहे तशीच राहते. दिवाणजींना शनिवारी सकाळी काही बदलले असे जाणवणारही नाही. एखादा जुना प्रोग्राम अडलाच तर दुरुस्तीवाल्याला त्या प्रोग्रामच्या फोल्डरपुरती परवानगी द्यायला सांगा. तो ‘पुन्हा सर्वाधिकार देतो, सोपे पडेल’ म्हणाला तर ऐकू नका. काम संपल्यावर त्याच्यासमोर उघडलेल्या खात्याचा परवलीचा शब्द बदला. नवा शब्द कागदावर लिहून लिफाफ्यात घाला आणि लिफाफा दुकानाच्या कागदपत्रांबरोबर तिजोरीत ठेवा. संगणकाच्या पडद्याला चिकटवू नका. तेही आम्ही पाहिले आहे.