दहा परस पाण्याखाली

अमडापूरच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, याची वाचकांना थोडी गंमत वाटेल. चिखली-खामगाव रस्त्यावरचे आमचे गाव. कोणताही समुद्रकिनारा गाठायचा तर रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक जावे लागते. जिल्ह्यात जगप्रसिद्ध असे पाणी एकच, लोणारचे, आणि तेही खारट. त्यात कोणी डुंबायला जात नाही. तरी समुद्राशी आमचे एक जुने नाते आहे. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातले आणि त्यांच्या लेकाने १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. तेवढ्या आधारावर हा लेख लिहायला हरकत नसावी.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी अंदमानातल्या एका बेटावर स्कूबा डायव्हिंग शिकलो. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरायचे आणि तिथे श्वास घेत हिंडायचे, याला स्कूबा म्हणतात. हट्ट मुलीचा होता. निघण्याआधी आत्याबाईंच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मासोया पाहाले एवढे पैसे? कायले रे बापा? पाणी का आपल्याकडं पाह्यलं नाही तुनं?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

पाणी मी पाहिले होते ते विहिरीचे. माझ्या पिढीतली आमच्या भागातली मुले विहिरीतच पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने किंवा थोरल्या भावाने मागून ढकलून द्यायचे, एवढाच अभ्यासक्रम. महिनाभरात डबा सुटला की परीक्षा एकच असे. सूर मारून तळाला जायचे आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचे. मूठ उघडून दाखवल्याशिवाय कोणी मान्य करत नसे. दोन परस खाली गेले की कानात सुई टोचल्यासारखे व्हायचे. सगळ्यांनाच व्हायचे, पण का होते हे कोणाला ठाऊक नव्हते. "सवय होते," एवढेच मोठी माणसे सांगत. (परस म्हणजे पुरुषभर उंची. आमच्याकडे विहीर अजूनही परसात मोजतात.)

या विहिरीच्या पदवीवर मी अंदमानच्या कितीतरी आधी, कोकणात सहलीला गेलो असताना, पहिल्यांदा समुद्राखाली उतरलो. कुठे आणि कोणाबरोबर, ते सांगण्यात अर्थ नाही. नावेत आम्ही बरेच जण होतो. सूचना पाच मिनिटांत आटोपल्या आणि त्यातली निम्मी पाच मिनिटे फोटोचे पैसे वेगळे पडतील हे सांगण्यात गेली. मग एका मुलाने माझी मानगूट धरून, धान्याचे पोते उतरवावे तसे मला खाली नेले. कान दुखू लागले. मी हाताने खुणा केल्या, त्याने कॅमेरा दाखवून हसायला सांगितले. मास्कमध्ये पाणी शिरले, नाकात गेले आणि विहिरीने शिकवलेली गोष्ट मी केली. श्वास कोंडून जीव खाऊन वर सुटलो. त्याने मला धरून ठेवले म्हणून त्याच्यावर रागावलो. त्या मुलाचा राग अंदमानात पहिल्या दिवशीच उतरला, कारण त्या एका गोष्टीत तो बरोबर होता, हे तिथे कळले.

कारण असे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर सहा लिटर हवा मावणारा फुगा दहा मीटरवर नेला तर तो तीन लिटरचा होतो. विहिरीत सूर मारताना छातीतली हवा वरूनच भरून घेतलेली असते. खाली ती आकसते, वर येताना पुन्हा मूळपदावर येते, त्यामुळे श्वास कोंडला तरी बिघडत नाही. सिलिंडरमधली हवा मात्र त्या खोलीच्या दाबाला मिळते. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि तशीच कोंडून वर आले, तर ती हवा दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. जीव जातो तो पाणी प्यायल्यानेच असे नाही. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की श्वास कधीही कोंडायचा नाही. चाळीस वर्षांपूर्वी अंगात मुरलेली सवय मला नेमकी उलटी करायची होती.

आम्ही गेलो ते हॅवलॉक बेटावर. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचेही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. मराठी माणूस तिथे उतरतो तो सेल्युलर जेल मनात धरून. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे सावरकर तिथे कोठडीत होते. काळे पाणी हा शब्द आमच्या घरात धाक घालायला वापरत, आणि ज्या पाण्याला तो शब्द चिकटला ते इतके नितळ की नावेतून तळाची वाळू दिसत होती.

तिथली आमची शिक्षिका तिशीची, पुण्याची मुलगी. मराठी ऐकून मला हायसे वाटले, पण तिने सवलत कसलीच दिली नाही. आधी तब्येतीचा छापील कागद भरून घेतला. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, झटके, सगळे विचारले. रक्तदाबाच्या गोळीपुढे मी खूण केली, तर डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्याला पाय लावू दिला नाही. त्यात एक दिवस गेला. मग दोनशे मीटर पोहून दाखवायचे, वेळेची अट नाही; आणि दहा मिनिटे काहीही न धरता तरंगायचे. विहिरीची पदवी इथे कामी आली. मुलगी पुण्यातल्या तरणतलावात शिकलेली. ती माझ्यापेक्षा वेगाने पोहली, पण तरंगण्यात मी तिला हरवले, हे नमूद करून ठेवतो.

नंतर छातीभर पाण्यात गुडघे टेकून सराव सुरू झाला. तोंडातली हवेची नळी काढून पुन्हा धरायची, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचे आणि नाकाने फुंकून बाहेर घालवायचे. मला हे मास्कचे जमेना. नाकाला पाणी लागले की मी ताडकन उभा राही. वर हवा, खाली पाणी, आणि पाणी जेमतेम छातीपर्यंत, तरी भीती वाटायची ती वाटायचीच. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तुम्हाला बुडायची भीती नाहीये. तुम्हाला घाई आहे. आधी श्वास सोडा, मग ठरवू वर यायचं की नाही." अकराव्या की बाराव्या खेपेला मास्क रिकामा झाला. डोळे उघडले तर समोर ती टाळ्या वाजवत होती आणि आवाज येत नव्हता.

कानाच्या सुईचा उलगडाही तिथेच झाला. पाण्याचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशातून हवा पडद्यामागे पोचते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. दुखायच्या आधीच, दर हात-दोन हात खाली गेल्यावर, हे करायचे. या युक्तीला वाल्साल्वा या इटालियन वैद्याचे नाव आहे. तो १७२३ साली वारला. म्हणजे आम्ही विहिरीत कान धरून रडत होतो तेव्हा ही गोष्ट जगाला अडीचशे वर्षे माहीत होती.

एक फजितीही झाली. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार खुणांचा. पहिल्या खोल बुडीत तिने विचारले, ठीक आहे ना? मी उत्साहाने अंगठा वर केला. तशी ती मला घेऊन वर निघाली. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. मुलगी अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगते.

ही साधने फार जुनी नाहीत. १९४३ साली, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, झाक कूस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी ती प्रथम जुळवली. पेट्रोल मिळत नव्हते म्हणून गान्यांने गॅसवर गाडी चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी ती झडप माणसाच्या छातीसाठी वापरली, की झाला पाणबुड्याचा श्वास. वर किती सावकाश यायचे हे त्याआधी, १९०८ साली, हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शोधले, आणि त्याचे प्रयोग झाले ते शेळ्यांवर. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. झटकन वर आले तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हळूहळू यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, आणि अनेक बुड्या झाल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही. शेवटचा दिवस मोकळा ठेवून आम्ही सेल्युलर जेल पाहिले ते याच कारणाने.

चार बुड्यांपैकी शेवटची अठरा मीटरची. म्हणजे आमच्या हिशेबाने दहा परस. तिथे लाल रंग उरत नाही. माझ्या मुलीचा लाल पोहण्याचा पोशाख मातकट दिसत होता. मासे पुष्कळ होते. नावे मला सांगता येणार नाहीत, आणि प्रवाळाचे काही भाग पांढरेफटक, मेलेले होते. समुद्र तापल्याने २०१० मध्ये अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजले, असे ती शिक्षिका वर आल्यावर म्हणाली. पण खरे सांगतो, माझे लक्ष माशांपेक्षा स्वतःच्या श्वासाकडे होते. घेतला की किंचित वर तरंगायचो, सोडला की किंचित खाली. आयुष्यात इतका वेळ मी दुसऱ्या कशाकडे असे पाहिले नव्हते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. स्कूबा हे शिकण्याचे काम आहे आणि आपण ते पाळण्यात बसावे तसे विकत घेतो. अर्ध्या तासाची चाचणी-बुडी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. एका शिक्षकामागे एकच माणूस, आधी नीट सराव, तब्येतीची चौकशी, नावेत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, एवढे असेल तर खुशाल करावी. पण 'पोहता येत नसले तरी चालेल' ही पाटी वाचून घरच्या घरी सगळे निघतात आणि यातले एकही विचारत नाहीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली जे घडायचे नव्हते ते किनाऱ्याजवळ घडले. त्याच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. अंदमानला जायलाच हवे असे नाही. चार दिवस काढायची तयारी हवी. आपण चार दिवसांत सहा ठिकाणे पाहतो, तिथे अडते.

दुसरी गोष्ट गावाकडची आहे आणि ती मला अधिक टोचते. आमच्या विहिरी बोअरवेलनी आटवल्या. ज्यांना पाणी आहे त्यांच्यावर जाळ्या बसल्या, आणि त्या बसायलाच हव्या होत्या. पण त्याबरोबर भोपळा गेला, ढकलणारा काका गेला. आजची दहा-बारा वर्षांची मुले पोहायला शिकलेलीच नाहीत. त्याच वेळी पाणी मात्र नव्या रूपात शिवारात आले. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि प्लास्टिक अंथरलेली, निसरड्या उताराची तळी जागोजाग झाली. त्यात उतरलेल्या मुलाला काठ धरता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तशा बातम्या येतात, आतल्या पानावर, चार ओळींच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि शाळकरी वयातल्या मुलांना पोहणे व सुरक्षित बचाव शिकवा, हा त्या संघटनेचा साधा सल्ला आहे. तळ्याला कुंपण, काठाला बांधलेला दोर, तरंगते रिकामे डबे आणि तालुक्याला एक पोहण्याचा तलाव याला काही अंदमानचा खर्च येत नाही. आमच्याकडे शाळेत कवायत असते. पाण्यात उभे कसे राहायचे हे कुठल्याच तासाला नसते.

यंदा पाऊस बरा झाला. दिवाळीत चुलतभावाच्या विहिरीला काठोकाठ पाणी होते. तीन पोरांना कमरेला दोर बांधून, त्याच्या पाठीला रिकामे प्लास्टिकचे कॅन लावून आम्ही दोघे भाऊ आत उतरलो. आत्याबाई काठावर खाटेवर बसून राखण करत होत्या. धाकट्याला मी आधी फक्त तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावले. तो कंटाळला आणि ओरडला, "आजोबा, आता ढकला ना!"

"ढकलू नको त्याले," आत्याबाई वरून म्हणाल्या, "आधी श्वास सोडू दे."