पंडरीच्या पोरांना फोन तुम्ही करा

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
छत्तीसगढ राज्य एड्स नियंत्रण समिती, रायपूर



पंडरीच्या कापड बाजारात माझी रोजची उठबस आहे. दुकानं बंद व्हायच्या वेळी गाठी उचलणारी पोरं येतात, "भैया, थोडा चार्ज पे लगा दो" म्हणतात. अठरा ते बावीस वर्षांची. त्यात एखादं गोंदियाकडचं निघतं, माझं मराठी ऐकून दोन मिनिटं जास्त रेंगाळतं. त्याच्यासाठीच हे पत्र मराठीत लिहितोय. हिंदी प्रत तुमच्या कार्यालयात वेगळी देतो. पंडरीचं बसस्थानक 2021 मध्ये भाटागावला गेलं. हमाली बाजारातच राहिली, आणि दुकानांच्या ओट्यावर झोपणारी ही पोरंही.

यांना घर नाही, पण फोन आहे. फोनवरून एचआयव्हीबद्दल सल्ला देता येईल हे खरंच. अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी बेघर तरुणांना फोनवर रोज काही प्रश्न विचारून, उत्तरानुसार संदेश पाठवण्याचा प्रयोग केला आहे. पण पंडरीतला फोन आधी हातात घेऊन बघा. काच तडकलेली. सिम दुसऱ्या कुणाच्या नावावर, कारण याच्याकडे ओळखपत्र नाही. एकच फोन दोघातिघांत फिरतो. रिचार्ज संपला की आउटगोइंग बंद पडतं, इनकमिंग काही दिवस तग धरतं. फारच तंगी आली की फोन विकला जातो आणि नंबरही जातो.

1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, म्हणजे नाकोचं, ॲप आहे. दोन्ही चांगली आहेत, पण दोन्हीकडे पहिलं पाऊल त्या पोरानंच टाकायचं. ते तो टाकत नाही. जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे, तरी तिथली पायरी तो चढत नाही. चिठ्ठीवर पत्ता लिहायला सांगतील, ही धास्ती.

उघड्यावर झोपणाऱ्या पोरावर रात्री काय गुदरतं ते मला लिहायलाही जड जातं. जबरदस्ती होते, आणि मुलगा असल्यामुळे तो ती कुणाला सांगत नाही. अशा प्रसंगानंतर संसर्ग टाळणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, पण 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. बहात्तर तास म्हणजे तीन रात्री. त्यांतल्या एका तरी रात्री ओळखीच्या आवाजाचा फोन त्याला यायला हवा. शुद्ध हिंदीतलं रेकॉर्डिंग ऐकून तो काही बोलणार नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. बाजारात रोज संध्याकाळी एक समुपदेशक बसवा, सोबत चार्जिंगचा बोर्ड. फोन चार्ज होईस्तोवर गप्पा होतील, त्यातूनच नंबर मिळेल. मग ठरावीक दिवशी तुमच्याकडून फोन जावा, छत्तीसगढीत, आणि हव्या त्याला मराठीत. नंबर बदलला तर बोर्डापाशी तो पुन्हा भेटेलच. आधार मागू नका.

संदेश पाठवलाच तर त्यात एचआयव्ही हा शब्द नको. फोन तिघांचा असतो. एकाचा संदेश दुसऱ्यानं वाचला की ओट्यावरची जागा गेलीच. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणीला आणि माहिती फोडण्याला मनाई केली आहे. तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि ओट्यावरच्या पोरालाही तो तितकाच लागू होतो.

तपासणीला येतो म्हणाला तर समुपदेशकानं सोबत चालत जावं. त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून सकाळची वेळ धरा.

आणि फोन रात्री नऊनंतर करा. नऊपर्यंत गाठी उतरत असतात.

आपला,
पंडरीतला एक कापड दुकानदार